सायलोसायबी क्युबेन्सिस: शेणावर उगवणारी ही अळंबी मुळात कुठली?

निळावंती

फ्रँकलिन सम्नर अर्ल हा अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ १९०४ मध्ये क्यूबातल्या कृषी संशोधन केंद्रात कामाला लागला. तिथल्या कुरणांत शेणावर उगवणारी, सोनेरी टोपीची आणि दांड्यावर ठसठशीत कडं असलेली एक अळंबी त्याने १९०६ मध्ये स्ट्रोफॅरिया क्युबेन्सिस या नावाने नोंदवली. ती खाल्ल्यावर डोक्यात काय उलथापालथ होते, हे तेव्हा शास्त्राच्या गावीही नव्हतं. पुढच्याच वर्षी पातुइयार या फ्रेंच बुरशीतज्ज्ञाने टोंकिनमधून, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनाममधून, एक अळंबी वेगळ्या नावाने छापली. कालांतराने दोन्ही एकच निघाल्या. नियम असा की जुनं नाव टिकतं, म्हणून अर्ल जिंकला. पातुइयार वर्षभर आधी जागा झाला असता तर या अळंबीशी क्यूबाचं नाव कुणी जोडलंच नसतं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस रोल्फ सिंगरने तिला सायलोसायबी या प्रजातीत हलवलं. तेव्हापासून ती सायलोसायबी क्युबेन्सिस.

आज ती मेक्सिको, मध्य अमेरिका, अमेरिकेचा आग्नेय भाग, भारत, थायलंड, ऑस्ट्रेलिया असा उष्ण प्रदेशांचा सगळा पट्टा व्यापून आहे. ऊब, ओल आणि गुरं एकत्र आली की ही हजर. आणि माझी अडचण नेमकी इथेच सुरू होते. अमेरिका खंडात गुरं मुळात नव्हतीच. कोलंबसाच्या दुसऱ्या फेरीत, १४९३ मध्ये, ती पहिल्यांदा कॅरिबियन बेटांवर उतरली. मग गुरांच्या शेणावर जगणारी ही अळंबी तिथे त्याआधी काय करत होती? की नव्हतीच?

हिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण थेट नशा, अनुभव, ब्रह्मांड वगैरेकडे वळतात. मला त्यात रस नाही. जगातली बहुधा सगळ्यात प्रसिद्ध मादक अळंबी, आणि तिचं मूळ गाव आपल्याला धड सांगता येत नाही, हे जास्त मजेशीर वाटतं. जाणकारांनी भर घालावी.

टवाळ_टोपी

वाचनखूण साठवली. थोडक्यात गाईच्या पोटातून जगप्रवास, तिकीट-बिकीट काही नाही.

पण खरंच विचारतो, एवढासा बीजाणू (म्हणजे अळंबीचं बी) चार कप्प्यांच्या पोटातून जिवंत बाहेर येतो कसा? आपण खाल्लेलं बी सुद्धा धड राहत नाही.

शेणकिडा

माझा आवडता विषय निघाला, आता थांबणार नाही.

शेणावर जगणाऱ्या बुरश्यांचं एक वेगळंच जग आहे. ताजा पो पडला की पहिल्या काही दिवसांत पायलोबोलससारख्या बुरश्या उगवतात. काचेच्या नळीसारखा पारदर्शक देठ, वर पाण्याने फुगलेला फुगा आणि त्यावर काळी टिकली. देठ उजेडाकडे वळतो, फुगा फुटतो आणि टिकली दोन मीटरपर्यंत उडते. इतका आटापिटा कशासाठी? गुरं आपल्या शेणालगतचं गवत खात नाहीत म्हणून. बीजाणूला पोटात जायचं तर त्याने त्या नकोशा वर्तुळाच्या बाहेर पडलं पाहिजे. पायलोबोलससारख्या घाईच्या बुरश्यांची पाळी आधी येते, मग पेल्यासारख्या बारक्या बुरश्यांची, आणि छत्रीवाल्या अळंब्या सगळ्यात शेवटी, सोपं अन्न संपून चिवट तंतू उरले की. क्युबेन्सिस या शेवटच्या पंगतीतली.

तिला तोफ नाही. ती उंच दांड्यावर टोपी धरते आणि बीजाणू वाऱ्यावर सोडते. सूक्ष्मदर्शकाखाली हे बीजाणू बघण्यासारखे असतात. लांबी साधारण ११ ते १७ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), जाड भिंत, गडद जांभळट तपकिरी रंग आणि एका टोकाला एक चपटं छिद्र. रुजायची वेळ आली की तंतू त्या छिद्रातून बाहेर पडतो. अशी जाड, गडद भिंत शेणावरच्या बुरश्यांत वारंवार दिसते. ऊन झेलायला आणि पचनमार्गातून निभावायला ती उपयोगी पडते असं मानतात.

बुरशी हौसेने बघणाऱ्यांसाठी एक सांगतो. पूर्ण उमललेल्या क्युबेन्सिसच्या दांड्यावरचं कडं मुळात पांढरं असतं, पण वरून गळणारे बीजाणू त्यावर साचून त्याची वरची बाजू काळपट जांभळी होते. खालची बाजू मात्र पांढरीच. भिंग लावलं तर गिल्सच्या, म्हणजे टोपीखालच्या पात्यांच्या, कडाही पांढऱ्या दिसतात आणि आतला भाग गडद.

रानवाटा

शेणकिडा, दंडवत!

माझा प्रश्न निळेपणाबद्दल. ठिकठिकाणी वाचलं आहे की दांडा दाबला आणि निळा पडला म्हणजे ती ‘हीच’. हे कितपत खरं?

पेशीभिंत

अर्धवट खरं, आणि अर्धवट म्हणूनच घातक.

या अळंबीत नशेचं द्रव्य म्हणून मुख्यतः असतं ते सायलोसायबिन. त्याच्या रेणूवर फॉस्फेटचा एक गट बसलेला असतो, त्यामुळे ते तसं टिकाऊ आणि रंगहीन. पेशी चिरडल्या की एक विकर (एन्झाइम) तो फॉस्फेट काढून टाकतं, उरतं ते सायलोसिन, प्रत्यक्ष नशा करणारं. मग दुसरं विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने सायलोसिनचं ऑक्सिडीकरण करतं, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि त्या जोडसाखळ्यांचा रंग निळा. जर्मनीत येना इथल्या डिर्क हॉफमाइस्टर यांच्या गटाने हे दोन्ही टप्पे उलगडून दाखवले. तोवर अनेक दशकं लोक निळं पडतं एवढंच बघत होते, का पडतं ते कुणाला धड सांगता येत नव्हतं.

प्रत्यक्षात दिसतं ते असं. पांढऱ्या दांड्यावर नख रुतवलं की लगेच काही होत नाही. थोड्या वेळाने नखाच्या खुणेच्या कडेला हिरवट झाक येते, मग ती गडद होत शाईसारखी निळी होते. माझ्या दृष्टीने यातली खरी गंमत ही, की निळा डाग म्हणजे तिथलं सायलोसिन खर्ची पडल्याची पावती. जास्त निळी म्हणजे जास्त कडक, हा लोकांचा समज रसायनशास्त्राच्या उलटा आहे.

आता घातक भाग. बोलेट गटातल्या (टोपीखाली पात्यांऐवजी छिद्रं असलेल्या) कितीतरी अळंब्या कापताक्षणी निळ्याशार होतात. तिथलं रसायन वेगळंच, व्हेरिएगेटिक आम्लासारखी रंगद्रव्यं, आणि सायलोसायबिनचा अंशही नाही. त्यांतल्या काही विषारी आहेत. उलट बाजूने, पावसाने धुतलेली किंवा सुकलेली खरी क्युबेन्सिस नीट निळी पडतेच असं नाही. त्यामुळे एका रंगावर कुणी ओळख पटवत असेल तर त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

ओपीडी_नंतर

पेशीभिंत यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी डॉक्टर आहे, विषबाधेच्या बाजूने थोडं लिहिते.

उष्ण प्रदेशांत लोकांना सगळ्यात जास्त गोत्यात आणणाऱ्या अळंब्यांत क्लोरोफायलम मोलिब्डायटिस फार वरच्या क्रमांकावर आहे. हिरवळीवर, कुरणात, भल्यामोठ्या पांढऱ्या छत्र्या, टोपीवर तपकिरी खवले, दांड्यावर कडं. कोवळी असताना गिल्स पांढरे, नंतर हिरवट. टोपी कागदावर ठेवली की उमटणारा बीजाणूंचा ठसा हिरवा. जागा तीच, कडंही तेच, आणि घाईत असलेल्या माणसाला तेवढं पुरतं. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जबरदस्त उलट्या आणि जुलाब सुरू होतात. सहसा जीव जात नाही, पण सलाइन लावायची वेळ येते. लहान मुलांच्या बाबतीत जास्त जपावं लागतं.

याहून भयंकर गट अमाटॉक्सिन हे यकृत नासवणारं विष असलेल्यांचा: अमानिटामधल्या काही जाती, गॅलेरिना. गॅलेरिना लाकडावर उगवते, पण तपकिरी टोपी आणि दांड्यावर कडं तिलाही असतं. इथे पहिले सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ, काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं. घरचे म्हणतात, निभावलं. आतल्या आत यकृत निकामी होत असतं. ‘अजून काही झालं नाही म्हणजे ठीक आहे’ हा तर्क अळंबीच्या बाबतीत कुणीही लावू नये. रुग्णालयात जाताना उरलेली अळंबी कागदात गुंडाळून न्यावी (प्लॅस्टिकमध्ये ती सडते), आणि किती वाजता खाल्ली ते सांगावं. उपचार ठरवताना या दोन गोष्टींची फार मदत होते.

आणि समजा अळंबी खरोखर क्युबेन्सिसच निघाली, तरी प्रश्न मिटत नाही. शरीराला ती फारशी विषारी नाही हे खरं, पण घबराट, भ्रम आणि त्या अवस्थेत होणारे अपघात हे खरे धोके आहेत. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनिया, बायपोलर असेल तर धोका कैक पटींनी वाढतो. लिथियमच्या गोळ्या चालू असलेल्यांना आकडी आल्याच्या नोंदी आहेत. त्यात जंगली अळंबीत नेमकं किती काय आहे ते कळायला मार्ग नसतो. बिगवूड आणि बोइग यांनी १९८२ मध्ये मोजमाप केलं, तेव्हा काटेकोर परिस्थितीत वाढवलेल्या क्युबेन्सिसमध्येही सायलोसायबिनच्या प्रमाणात चौपट फरक आढळला, आणि बाहेरून मिळालेल्या नमुन्यांत दहापटीहून जास्त. दहापट फरक असलेलं औषध मी कुणाला लिहून दिलं तर माझी पदवी काढून घेतील.

नवा_भिडू

मस्त धागा. बाकी सगळं ठीक, पण ही कुठे मिळेल, घरी उगवता येईल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.

संपादक

नवा_भिडू, या धाग्यावर अळंबी मिळवण्याची, वाढवण्याची किंवा घेण्याची चर्चा होणार नाही. व्यनितूनही नको. बाकीच्यांनी मूळ विषय चालू ठेवावा.

टवाळ_टोपी

भिडूंची विकेट पहिल्याच चेंडूवर.

बरं डॉक्टरीणबाई, नैराश्यावर याचंच औषध येतंय म्हणतात ना? मग एकीकडे औषध आणि एकीकडे धोका, हे कसं?

ओपीडी_नंतर

चाचण्यांत वापरतात ते प्रयोगशाळेत तयार केलेलं शुद्ध सायलोसायबिन, रानातली अळंबी नव्हे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत उपचारांना दाद न देणारं नैराश्य असलेले २३३ जण होते. चाळणी लावून निवडलेले, एकच मात्रा, प्रशिक्षित माणूस सोबत, नंतर पाठपुरावा. मोठी मात्रा घेतलेल्यांना तीन आठवड्यांनी स्पष्ट फरक दिसला, पण बारा आठवड्यांपर्यंत तो टिकण्याचं प्रमाण तितकं नव्हतं, आणि आत्महत्येचे विचार येण्यासारखे दुष्परिणामही नोंदले गेले. आशादायक आहे, हे मी मान्य करते. पण ती बातमी वाचून कुणी कुरणात टोपली घेऊन जावं असं त्यात काहीही नाही.

गोगलगाय

कायद्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात सायलोसायबिन आणि सायलोसिन पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक, परिशिष्टात आहेत. अळंबीचं नाव मात्र त्यात नाही. त्या फटीतून जो तो देश आपापल्या परीने वाट काढतो. ब्रिटनमध्ये २००५ पर्यंत ताजी अळंबी चालायची, वाळवली की गुन्हा. नेदरलँड्सने २००८ मध्ये अळंब्यांवर बंदी घातली, पण काही जाती जमिनीखाली ज्या गाठी धरतात त्या यादीत आल्या नाहीत आणि तिथे आजही उघड विकल्या जातात. रसायन तेच. कायदा लिहिणाऱ्यांनी आधी शेणकिडा यांचा वर्ग करायला हवा होता.

आता निळावंती यांच्या मूळ प्रश्नाकडे. आदिमानवाचे पूर्वज आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात गुरांमागून हिंडताना हीच अळंबी खाऊन हुशार झाले, असा एक सिद्धांत गाजला होता ना? मग मूळ आफ्रिकाच की.

निळावंती

तो सिद्धांत ऐकायला झकास आहे आणि पुरावा शून्य. ना जीवाश्म, ना दातांवर खूण, ना कसला अवशेष. शिवाय पाळीव गुरं ही गेल्या दहा-अकरा हजार वर्षांतली गोष्ट, मेंदू त्याच्या कितीतरी आधी वाढला.

पण आफ्रिकेचा मुद्दा तेवढ्याने निकालात निघत नाही. मधल्या काळात दोन कामं झाली आहेत. पहिलं २०२३ चं, ऑस्ट्रेलियातलं. तिथल्या कुरणांतून गोळा केलेले ३८ नमुने आणि जगभर फिरणारे ८६ लागवडीचे वाण यांचे जनुकसंच ताडून पाहिले. लागवडीचे वाण आतल्या आत इतके वाढवले गेलेत की त्यांत विविधता जवळपास उरलेली नाही. ऑस्ट्रेलियातल्या रानटी अळंब्यांत मात्र ती भरपूर, सायलोसायबिन बनवणाऱ्या जनुकांचे निराळे प्रकारसुद्धा. तरीही त्या मूळच्या तिथल्या नसाव्यात, गुरांबरोबर येऊन रुळलेल्या असाव्यात, असाच निष्कर्ष निघाला.

अवांतर: १७८८ मध्ये ब्रिटिशांचा पहिला ताफा ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा वाटेत केप ऑफ गुड होपला गुरं विकत घेतली होती. तिकडे पोचल्यावर ती पळाली आणि सात वर्षांनी कळपच्या कळप होऊन सापडली. आफ्रिकेची गुरं, मोकाट, कुरणात! हा तुकडा कथेत बसवायचा मला अनावर मोह होतो. पण त्याच गुरांच्या पोटात बीजाणू होते असं म्हणायला कसलाही आधार नाही, म्हणून हात आवरते.

दुसरं काम दक्षिण आफ्रिका आणि झिम्बाब्वेमधलं. तिथली एक अळंबी हौशी मंडळींत बराच काळ ‘नॅटालेन्सिस’ या दुसऱ्याच जातीच्या नावाने ओळखली जायची. नीट तपासल्यावर ती नॅटालेन्सिस नाहीच, एक नवी जाती निघाली: सायलोसायबी ओक्रॅसिओसेन्ट्रॅटा. क्युबेन्सिसची सगळ्यात जवळची ज्ञात रानटी बहीण. दोघी सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असा अंदाज आहे. म्हणजे पाळीव गाईच्या कितीतरी आधी.

शेणकिडा

हा शेवटचा आकडा फार मोलाचा आहे. याचा अर्थ क्युबेन्सिसने गाय हे वाहन नंतर पकडलं. त्याआधी ती गवत खाणाऱ्या रानटी प्राण्यांच्या शेणावर जगत असणार. रानरेडे, हरणं, हत्ती, जे कुणी असतील ते. माणसाने गुरं पाळली, जहाजात घातली आणि तिला आयतं रान मिळालं.

गोगलगाय

बघा, १५ लाख वर्षं, आफ्रिका! माझ्या सिद्धांताला आधार मिळाला.

निळावंती

नाही हो. दोन बहिणी कधी वेगळ्या झाल्या एवढंच तो आकडा सांगतो. कुणी खाल्ली, कुणाचा मेंदू वाढला, यावर तो चकार शब्द काढत नाही. बहीण आफ्रिकेत सापडली म्हणून क्युबेन्सिसही तिथेच जन्मली हेसुद्धा सिद्ध होत नाही. शक्यता वाढली, एवढंच.

रानवाटा

मग मेक्सिकोचं काय? तिथे तर अळंब्यांचे विधी शतकानुशतकं चालत आलेत. १९५५ मध्ये ओआहाकातल्या वाउतला या गावी मारिया साबिनाने वॉसन या अमेरिकन बँकरला विधीत बसवलं, १९५७ मध्ये त्याने ते लाइफ मासिकात छापलं आणि मग जगाची झुंबड उडाली. त्या बाईंना त्याचा अतोनात त्रास झाला, घरही जाळलं गेलं, हे लिहिल्यावाचून राहवत नाही. ‘शोध’ कुणी लावला म्हणून वॉसनचं नाव घेताना ही बाजू नेहमी गाळली जाते. पण प्रश्न असा, की क्युबेन्सिस जर स्पॅनिश गुरांबरोबर आली, तर जुने विधी कशावर चालायचे?

पेशीभिंत

दुसऱ्या जातींवर. मेक्सिकोत सायलोसायबी प्रजातीच्या पुष्कळ जाती आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच शेणावर उगवत नाहीत. मेक्सिकाना कुरणातल्या गवतात येते, सेरुलेसेन्स दरड कोसळलेल्या उघड्या मातीवर. हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये सायलोसायबिन पहिल्यांदा वेगळं केलं तेही मेक्सिकानामधून, पॅरिसला रॉजर एम या फ्रेंच बुरशीतज्ज्ञाने वाढवलेल्या नमुन्यांतून. सहागून या स्पॅनिश पाद्र्याने १६ व्या शतकात अॅझटेक लोकांच्या अळंब्यांबद्दल लिहून ठेवलं आहे, पण त्या वर्णनावरून नेमकी जाती ठरवता येत नाही. त्यामुळे क्युबेन्सिस उशिरा आली असं धरलं तरी विधींचं कोडं पडत नाही. वाउतलाच्या परिसरात ती आज वापरात आहे, पण अनेकींपैकी एक म्हणून.

जाता जाता एक. सायलोसायबिन बनवणं ही एकट्या सायलोसायबीची मक्तेदारी नाही. इनोसायबी नावाच्या, झाडांच्या मुळांशी भागीदारी करणाऱ्या गटातल्या काही जातीही तोच रेणू बनवतात, आणि २०२५ मध्ये दिसून आलं की त्यासाठी त्यांची विकरं साफ वेगळी आहेत. दोघींनी स्वतंत्रपणे एकच रेणू गाठला. मेंदू नसलेल्या जिवाला दुसऱ्याच्या मेंदूवर चालणारं रसायन का हवं? शेणातले आणि लाकडातले किडे, अळ्या यांना दूर ठेवायला, किंवा त्यांची भूक गोंधळवायला, असा एक अंदाज आहे. पक्कं काही नाही.

शेणकिडा

किडे दूर ठेवायला असेल तर ते फारसं जमलेलं नाही. शेणावरच्या अळंबीचा दांडा उभा चिरून बघा, आत माशीच्या अळ्यांनी पोखरलेली भुयारं सर्रास सापडतात.

पेशीभिंत

तेच तर. त्या अळ्यांवर प्रयोग व्हायला हवेत. ज्या या जातींवर वाढतात आणि ज्या वाढत नाहीत, दोन्हींवर.

निळावंती

आणि माझ्या प्रश्नासाठी आशिया आणि आफ्रिकेतले कुरणांमधले ताजे नमुने हवेत, शिवाय जुन्या संग्रहालयांत वाळवून ठेवलेल्या अळंब्यांचे जनुकसंच. आजवर जे तपासलं गेलं त्यात लागवडीचे वाण फार आणि रानातले नमुने तुटपुंजे. टोंकिनची अळंबी कुठल्या संग्रहात जपलेली असेल तर तिच्यापासून सुरुवात करावी असं मला वाटतं. कुणाला वनस्पतिसंग्रहालयांतल्या कामाचा अनुभव असेल तर लिहा, वाळलेल्या नमुन्यांतून डीएनए कितपत धड मिळतो ते वाचायला आवडेल.